थांब म्हणाले, थांबा नाही

माझ्या जावयाला मी एकदा अरे-तुरे केलं. आमच्या नातेवाइकांत त्या दिवसाची गोष्ट निघते ती एवढीच. गाडी किती जोरात होती, आत कोण बसलं होतं, तिला डॉक्टरांनी काय बजावलं होतं, यातलं कोणाला काही आठवत नाही. सासूनं जावयाला 'थांब' म्हटलं, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ. म्हणून म्हटलं, आता मीच सांगते.

लेकीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आम्ही नवरा-बायको तिला हिंगोलीला आणायला नांदेडला गेलो. तिची वार खाली सरकलेली होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं, न्यायचं तर आत्ताच न्या, पण हळूहळू न्या. गचके बसले तर अंगावरून जायला लागेल, आणि मग लेकराचं काही सांगता येणार नाही. हे जावयानंही ऐकलं. मान हलवत ऐकलं.

मी म्हणत होते रेल्वेनं जाऊ. तर जावई म्हणाले, "रेल्वे काहून मम्मी, घरची गाडी आहे ना. बिनागियरची आहे, ऑटोमॅटिक. पोटातलं पाणी हलणार न्हाई." आता मी शाळेत शिकवते आणि शाळेत जाते ती बिनागियरच्या स्कूटीवर. आमच्याकडं बिनागियरची म्हणजे बायांची गाडी, गल्लीतून भाजी घेऊन यायची गाडी. माझ्या डोक्यात तेच बसलं. बिनागियरची म्हणजे गरीब गाडी, असं समजून मी हो म्हणाले. वर आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, लेकीची किती काळजी घेतात आपले जावई.

गाडी नवी होती, लालभडक, बुटकी, पोट जमिनीला टेकायला आलेलं. लेकीला आत बसवायला मला तिचा हात धरावा लागला. ती पुढं बसली, आम्ही दोघं मागं. अर्धापूरपर्यंत सगळं ठीक चाललं. पुढं मोकळा रस्ता लागला तशी जावयांनी मधली दांडी मागं ओढली आणि म्हणाले, "आता बघा मम्मी, स्पोर्टवर टाकली." गाडी एकदम गुरगुरायला लागली. स्टेअरिंगच्या मागं कानासारखी दोन पाती होती. उजवं ओढलं की गियर वर जातो, डावं ओढलं की खाली येतो, आणि खाली आला की गाडी कशी उसळते बघा, असं त्यांनी मला मागं मान वळवून समजावून सांगितलं. मान मागं, गाडी पुढं.

"म्हणजे हिला गियर आहेत?" मी विचारलं.

"आठ आहेत मम्मी. फक्त क्लच दाबायचं काम न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिनागियरची म्हणून सांगून या माणसानं माझ्या सातव्यातल्या लेकीला आठ गियरच्या गाडीत बसवलं होतं.

मग सुरू झालं. पुढं ट्रक दिसला की डावं पातं टकटक ओढायचं, गाडी किंचाळायची, आमची डोकी मागं आपटायची. ट्रक मागं पडला की पुढं टेम्पो असायचाच, मग करकचून ब्रेक, आणि आमची डोकी पुढं. दर वेळी जावई आरशात माझ्याकडं बघणार, पिकअप कसा आहे म्हणून. लेकीचा एक हात पोटावर होता आणि एक दारावरच्या दांडीला. दांडी धरलेली बोटं पांढरीफटक पडली होती. एकदा ती हळूच म्हणाली, "अहो, जरा सावकाश ना." तर म्हणाले, "सावकाशच आहे गं. रस्ता चांगला आहे म्हणून तुला तसं वाटून राहिलं."

शाळेत मी वर्गात पाय ठेवला की पोरं जागेवर बसतात. गावचे सरपंच मला बघून तंबाखू थुंकून येतात. आणि तिथं मात्र माझ्या तोंडाला कुलूप. काहून, तर समोर जावई. धोंड्याच्या महिन्यात ह्याचे पाय मी माझ्या हातानं धुतलेत, पाटाभोवती रांगोळी काढलीय. जावयाला बोलायचं नसतं. मी तोंड उघडायला गेले की आमच्या ह्यांचं कोपर माझ्या बरगडीत रुतायचं.

वारंगा फाट्याला चहाला थांबलो. जावई गाडीचा फोटो काढायला रस्त्याच्या पलीकडं गेले. मी ह्यांना म्हटलं, अहो, तुम्ही तरी बोला, पोरगी पांढरी पडलीय. तर हे म्हणाले, "मी कसा बोलू? आपण पोरीकडचे." पोरीकडचे म्हणे. अहो, पोरीकडचे आहोत म्हणून तर बोलायचं. पोरीकडच्यांनी पोरीसाठी बोलायचं नाही तर कोणी बोलायचं, त्या चहावाल्यानं?

फाट्याच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबणारा. पहिल्या ट्रॅक्टरला मागं टाकायला जावई निघाले, तर समोरून मोटरसायकलवर नवरा-बायको येत होते. जावई मागं सरकले नाहीत. डावं पातं ओढलं आणि गाडी तशीच घुसवली. त्या बिचाऱ्यानं मोटरसायकल डांबरावरून खाली मातीत उतरवली. त्याची बायको एका हातानं पदर आणि एका हातानं त्याचा सदरा धरून होती, तिचं तोंड मला खिडकीतून दिसलं. जावई म्हणाले, "बघितलं? दुसऱ्या गाडीला जमलं नसतं हे." लेक "आई गं" म्हणाली आणि पोट धरून पुढं वाकली. तिकडं ह्या माणसाचं बोट पुन्हा त्या पात्याकडं गेलं, कारण पुढं दुसरा ट्रॅक्टर होता.

"थांब," मी म्हणाले.

"एक मिनिट मम्मी, एवढा एक..."

"थांब म्हटलं ना तुला. गाडी बाजूला घे."

वर्गातला आवाज होता तो. गाडी थांबली. आमच्या ह्यांचं कोपरसुद्धा जागेवरच राहिलं. जावयानं आरशात बघून विचारलं, "मम्मी, तुमी मला अरे-तुरे केलं?" बायको पोट धरून वाकलीय, आणि या माणसाला माझ्या बोलण्यातला गळलेला काना ऐकू येऊन राहिला होता. लेकीला उतरवून मागं घेतलं, ह्यांना पुढं पाठवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटलं, आता तरी शुद्धीवर येतील. कशाचं काय. राग माझ्यावर होता, काढला गाडीवर. कळमनुरी मागं पडली, हिंगोली आली, प्रत्येक ब्रेक मला दाखवून मारलेला.

चहासुद्धा न घेता ते परत गेले. संध्याकाळी लेकीच्या साडीला डाग दिसला. मी जीव मुठीत धरून तिला दवाखान्यात नेलं. पडद्यावर लेकराच्या छातीची धडधड दिसेपर्यंत माझी स्वतःची धडधड कुठं होती मला माहीत नाही. लेकरू होतं. पण बाळंत होईपर्यंत लेकीनं अंथरूण सोडायचं नाही, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. मला वाटलं, सुनेची तब्येत विचारतील. तर म्हणाल्या, आमच्या पोराला आजवर त्याचा बापही असं तोडून बोलला नाही, तुम्ही तर मास्तरीण. आमचे हे म्हणाले, माफी मागून टाक, पोरीला तिथं नांदायचंय. नांदायचंय म्हणूनच मागितली. जावयाला फोन लावला आणि म्हणाले, "माझं चुकलं जावईबापू. मी थांबा म्हणायला पाहिजे होतं." ते म्हणाले, "जाऊ द्या मम्मी, मी मनावर घेतलं न्हाई." मोठ्या मनाचे आहेत हो.

नात झाली. चांगली धडधाकट, भोकाड पसरणारी. सव्वा महिना झाल्यावर जावई न्यायला आले, तीच लाल गाडी घेऊन. पिशव्या डिकीत गेल्या. मी दारात गप्प उभी होते, माझी बोलण्याची सोयच ठेवली नव्हती कोणी. लेक दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू घेऊन बाहेर आली, गाडीजवळ थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सामान घेऊन या. मी हिला घेऊन एसटीनं येते."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या," ती म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.

मी तिच्याबरोबर डेपोत गेले, तिला खिडकीची जागा मिळवून दिली, नातीच्या कपाळावरची तीट नीट केली आणि बस हलेपर्यंत उभी राहिले. बाहेर रस्त्याच्या कडेला लाल गाडी उभी होती.

कळमनुरीहून लेकीचा फोन आला. "आई, हे मागंच आहेत." वारंग्याहून पुन्हा आला, तेव्हा ती हसत होती. "अजून मागंच आहेत गं. बस थांबली की थांबतात, निघाली की निघतात. एकदासुद्धा पुढं काढली नाही. लोक खिडकीतून बघून राहिले."

ह्यांना सांगितलं तर हेही हसले, म्हणाले, बघ, सुधारले जावई. मला नाही हसू आलं. मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी जाऊन रागानं रडले. म्हणजे हळू चालवता येत होतं या माणसाला. त्या दिवशीही येतच होतं.