तीनदा विचारणारे मामा

आमच्या मामांइतकी जुन्या गाडीची पारख सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दुसऱ्या कुणाला नाही, आणि मामांना बरोबर नेऊन आजवर कुणालाही गाडी मिळालेली नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी कशी असू शकतात, हे कळायला मला त्यांच्याबरोबर दीड महिना हिंडावं लागलं. मामा खरं तर माझे नव्हेत, बायकोचे. त्यांची हयात कोइमतूरला गलाईच्या दुकानात गेली. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा. आमच्या विट्याकडची माणसं त्यासाठी देशभर पांगलेली आहेत, आणि म्हातारपणी परत येतात तेव्हा प्रत्येकजण त्या त्या गावची एखादी खोड बरोबर घेऊन येतो. मामा रागावले की तमिळमध्ये पुटपुटतात आणि सांबाराला आमटी म्हणणाऱ्याशी बोलत नाहीत. भट्टीपुढं बसून बसून त्यांच्या डाव्या भुवईचे केस कायमचे गेलेत, त्यामुळं ते गाढ झोपेतही शंका घेत असल्यासारखे दिसतात. अशा माणसाला गाडी बघायला नेलं की विकणारा अर्धा तिथंच खचतो, असा माझा हिशेब होता.

गाडी मला हौस म्हणून नको होती. विट्यात माझं झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, तिथं मी चालत जातो. पण बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिची बदली आटपाडीच्या पलीकडच्या एका वस्तीवर झाली होती. शाळेच्या वेळेत पोचणारी एसटी नव्हती. म्हणजे जूनच्या आत गाडी मिळाली तर ती रोज घरी येणार, नाही मिळाली तर तिथंच खोली करून राहणार आणि रविवारी भेटणार. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झालीत. चौदा वर्षांत मी तिला रोज भेटतोय याचं कौतुक कधी वाटलं नव्हतं, ते त्या एप्रिलमध्ये एकदम वाटायला लागलं. तिनं गाडी चालवायचा परवाना काढला, मी दुकानात बसून मोबाइलवर जाहिराती बघायला लागलो आणि मामांना फोन केला.

मामांनी आधी अटी सांगितल्या. एजंटाकडची गाडी बघायची नाही, मालकाच्या दारात उभी असलेलीच बघायची. ‘‘एजंटाच्या गाडीला घर नसतंय, जावईबापू,’’ ते म्हणाले. दुसरी अट अशी की, मालकाला आदल्या दिवशी फोन करून गाडी धुवू नका म्हणून सांगायचं. धुतलेल्या गाडीवर त्यांचा विश्वास नाही. ‘‘चकाकी पालीशची असती. मळ मात्र ज्याचा त्याचा असतोय.’’ त्यामुळं आम्ही जाऊ तिथं चिखलानं माखलेली गाडी आणि चमत्कारिक चेहऱ्याचा मालक आमची वाट बघत असायचे. मामा गाडीभोवती एक फेरी मारत, बोटातल्या अंगठीनं पत्र्यावर टकटक करत आणि पुट्टी भरलेली जागा अचूक दाखवत. मग पायाखालचं मॅट उचलून वास घेत. किलोमीटरचा आकडा त्यांनी एकदाही वाचला नाही. कराडच्या एका मालकानं तो आपण होऊन दाखवला, तर म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या, माणूस बी वय कमीच सांगतोय.’’

इथपर्यंत सगळं झकास चालायचं. भाव ठरायचा, चहा यायचा. आणि मग मामा कप खाली ठेवून विचारायचे, ‘‘घरच्या बाई कुठायत?’’

कराडला हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मला वाटलं, चहा चांगला झाला म्हणून सांगायचं असेल. मालक बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मामांनी विचारलं, ‘‘गाडी द्यायची न्हवं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘यांना विचारा की.’’ मामा म्हणाले, ‘‘ह्यांला इचारलं. आता तुमाला इचारतोय.’’ त्या हो म्हणाल्या. मामा जरा थांबले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या हसून हो म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, ‘‘मला शिकायची होती हो. तुम्ही म्हणालात, रिटायर झाल्यावर शिकवतो.’’ पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो. परत येताना मी मामांना म्हणालो की व्यवहार झाला होता, हे काय केलंत. ते म्हणाले, ‘‘तीनदा इचारावं लागतंय. पयलं व्हय तोंडाचं असतंय, दुसरं लाजंचं. तिसऱ्याला माणूस बोलतोय.’’ मी समजलो, गलाईच्या धंद्यातली रीत असेल. बाईचा दागिना आगीत टाकायचा म्हणजे बाईला तीनदा विचारायचं, बरोबरच आहे. पण गाडी काय कुणी वितळवणार नव्हतं.

पाचगणीच्या तरुणाचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून मी निश्चिंत होतो. स्ट्रॉबेरीचा धंदा, गाडी उत्तम, भाव माझ्या खिशातला. मामांनी थोडा विचार केला आणि वाईला राहणाऱ्या त्याच्या आईला फोन लावायला लावला. आई दोनदा हो म्हणाली. तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, ‘‘पर त्यो गाडी इकतोय कशापाई?’’ पोरगा दुबईला निघाला होता आणि घरी सांगितलं नव्हतं, ते असं बाहेर आलं. मग माउलीनं फोनवर जे रडायला सुरुवात केली ते आम्ही घाट उतरेपर्यंत, मामांनी आपला नंबर तिला दिलेला असल्यामुळं, चालूच होतं. मामा सबंध वाटभर तिची समजूत घालत होते. पोरगा पुढं गेला, पण सांगून गेला, आणि ती बाई अजून मामांना सणासुदीला फोन करते. गाडी मात्र राहिली.

मिरजेला एका तंबोरे बनवणाऱ्या कारागिराची गाडी होती. त्यांच्या बेगम पडद्याआडून ऐकत होत्या. मामांचा पहिला प्रश्न पुरा व्हायच्या आत आतून आवाज आला, ‘‘देना है.’’ दुसऱ्याला, ‘‘बोला ना, देना है.’’ तिसऱ्याला त्या म्हणाल्या, ‘‘चौथी बार पूछेंगे तो गाड़ी के साथ इनको भी ले जाना पड़ेगा.’’ कारागीर स्वतःच खो खो हसले. मी आनंदानं खिशात हात घातला, तर मामांनी माझं मनगट धरलं. कोपऱ्यात नेऊन म्हणाले, ‘‘एवढ्या घाईनं तीनदा व्हय म्हनत्यात म्हंजे बाई कटाळल्यात गाडीला. काय तरी हाय.’’ त्यांनी जाऊन गाडी चढावर घ्यायला लावली. तिसरा गिअर पडेना. कारागिरानं न लाजता सांगितलं की तो पडतच नाही, आपण दुसऱ्यातून चौथ्यात जातो. निघताना मामांनी त्यांच्याकडून तंबोऱ्याचा भोपळा कसा निवडतात ते तासभर समजून घेतलं. आम्ही गाडीऐवजी एक भोपळा घेऊन विट्याला आलो.

असं करत मे महिना संपत आला. शाळा सुरू व्हायला दहा दिवस राहिले. बायको वस्तीवर जाऊन एक खोली बघून आली. खोली चांगली आहे, पाणी आहे, घरमालकीण मायाळू आहे, असं तिनं सांगितलं, आणि ती हे सगळं इतक्या शांतपणे सांगत होती की मला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी मी मामांना फोनवर जरा तोडूनच बोललो. म्हणालो, ‘‘मामा, इस्लामपूरला एक गाडी आहे. मी एकटाच जातो. मला गाडी घ्यायची आहे, लोकांचे संसार तपासायचे नाहीत.’’ पलीकडून काही आलं नाही. तमिळसुद्धा नाही. मग फोन बंद झाला.

त्या दिवशी दुकानात मामांच्याच पिढीतले, मदुराईहून परत आलेले एक गलाईवाले झेरॉक्सला आले होते. बोलता बोलता मी त्यांना तुमच्या धंद्यातल्या तीनदा विचारण्याच्या रितीबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘‘आसली रीत कुठली? गिऱ्हाइकानं दिलं की टाकायचं मुशीत. तीनदा इचारत बसलं तर भट्टी इझंल की.’’

इस्लामपूरला मी गेलोच नाही, कारण सकाळी मामांचा फोन आला. ‘‘माझी घिऊन जावा,’’ एवढंच म्हणाले. मामांची गाडी निळी, अकरा वर्षांची. धंदा बंद केला तेव्हा ते स्वतः ती कोइमतूरहून चालवत आले होते. मामी मागच्या सीटवर, आणि पुढं त्यांच्या शेजारी सोनं तोलायचा काटा, पट्टा लावून. आता त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मुलगा गाडीला हात लावू देत नव्हता. तरीही त्यांनी ती द्यायला काढली हे ऐकून मला आदल्या दिवशीच्या बोलण्याची लाज वाटली.

मी आणि बायको त्यांच्या गावी पोचलो तेव्हा मामी अंगणात शेंगदाणे पाखडत बसल्या होत्या. मामींविषयी सांगण्यासारखं फार नाही, कारण त्या बोलतच नाहीत. पस्तीस-चाळीस वर्षं परमुलखात राहून त्यांना तमिळ येतं की नाही हेही आम्हाला ठाऊक नाही. गाडी चिखलानं माखलेली होती, म्हणजे मामांनी स्वतःलाही सूट दिली नव्हती. चहा झाला. मामांनी कप खाली ठेवला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं.

‘‘गाडी द्यायची न्हवं?’’ मामांनी विचारलं.

‘‘द्या की. म्या कुटं चालवतीया.’’

‘‘द्यायची न्हवं?’’

‘‘द्या म्हनलं की वो.’’

मामांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात मामींनी सूप मांडीवर टेकवलं आणि म्हणाल्या, ‘‘आवं, माझ्या पाटल्यांच्या वक्ताला एकदाच इचारलं हुतं.’’

मला काही कळेना. पण मामा खुर्चीत असे खचले की मी विचारायचं धाडस केलं नाही. मामींनीच सांगितलं, माझ्या बायकोकडं बघून, जसं काही कालचं असावं. कोइमतूरचं पहिलं वर्ष. दुकानाची जागा हातची जात होती. मामींच्या आईनं दिलेल्या सोन्याच्या पाटल्या होत्या, तेवढंच काय ते. त्या चुलीपुढं होत्या, लेकरू मांडीवर. मामांनी दारातून विचारलं, वितळवू का. त्या हो म्हणाल्या आणि भात उतरवायच्या आत पाटल्यांची लगड झाली. ‘‘मला वाटलं, परत इचारत्याल,’’ मामी म्हणाल्या. ‘‘परत इचारलं असतं तर न्हाई म्हनले असते.’’

‘‘म्हाईत हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘त्याच दिवशी कळलं. तू जेवली न्हाईस.’’

‘‘मग मला का न्हाई इचारलं मागनं? साऱ्या दुनियेच्या बायांना तीन-तीनदा इचारत हिंडला.’’

‘‘वितळल्यावर काय इचारायचं?’’

मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. मामी आत गेल्या, खुंटीवरची किल्ली काढून आणली आणि माझ्या बायकोच्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘‘घी बाय. गाडीचं माझं तीनदा व्हय हाय. रोज घरी येत जा.’’ बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, ते मी चष्मा पुसण्यात खपवलं.

आम्ही निघायला उठलो तर मामा खुर्चीतून न उठताच मामींना म्हणाले, ‘‘तशा पाटल्या करू का तुला?’’

‘‘आता? ह्या हातांत?’’

‘‘करू का?’’

‘‘लोक हसत्याल.’’

‘‘करू का?’’

मामी खाली बसल्या, सूप पुन्हा हातात घेतलं आणि दोन-तीन वेळा पाखडलं. मग म्हणाल्या, ‘‘सांगते इचार करून.’’

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. निळी गाडी रोज सकाळी आटपाडीकडं जाते आणि संध्याकाळी माझ्या दुकानावरून हॉर्न देत घरी येते. तो हॉर्न ऐकला की मी कितीही गर्दी असली तरी एकदा बाहेर बघतो. मामा आता कुणाच्या गाड्या बघायला जात नाहीत. घरीच असतात. आम्ही गेलो की गाडीभोवती फेरी मारतात, अंगठीनं टकटक करतात आणि आत येऊन मामींच्या समोर बसतात. मामींनी अजून सांगितलेलं नाही. मामांची चौथ्यांदा विचारायची छाती नाही. त्या चहा घेऊन आल्या की मामा मान वर करून बघतात, त्या कप ठेवून आत जातात, आणि मामा चहा पितात.

मागच्या महिन्यात मामा परड्यात गेलेले बघून मी मामींना हळूच म्हणालो, ‘‘मामी, काय ठरलं पाटल्यांचं?’’

‘‘ठरलंय कवाच,’’ मामी म्हणाल्या. मग दाराकडं एकदा बघून घेतलं. ‘‘पर सांगितलं की ह्यांचं वाट बघनं संपलं की, जावईबापू.’’