तर्पणाचं पाणी

काळ्या तिळांचा ओला वास आला की जुईनगरच्या याच घरातली ती दुपार आठवते. यांच्या किडन्या गेलेल्या, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं. यांचं मन रमावं म्हणून मी रोज शब्दकोशातला एक शब्द वाचायची. शाळा कमी झाली माझी, पण हौस दांडगी. त्या दिवशी निघाला ‘तर्पण’.

“तृप् धातूपासून आलाय. तृप्त करणं,” मी सांगितलं.

हे हसले. “मग आत्ताच कर की, घोटभर. नंतर पोरगा करेल, ते मला थोडंच कळणार?”

“डॉक्टर ओरडतील हो,” म्हणत मी तांब्या उचलून वरच्या फळीवर ठेवला.

आज मुलगा तिळाचं पाणी सोडतोय. ताम्हन काठोकाठ भरलंय, आणि मला त्या फळीकडे बघवत नाही.