पंख्याखालची खुर्ची

पीएचडीनंतर गाईडच्या हाताखाली आरोग्यसंशोधन शिकण्यासाठीची ती फेलोशिप होती. मुलाखत धारवाडला, जागा एकच. माझ्या आधी आत गेलेले गृहस्थ बाहेर आले. नव्या शर्टाच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. शर्टाच्या टोकाने ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग पंख्याखालची खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बसा अक्का. मी चुकलो बघा आत. मला काय काय येतं तेच सांगत बसलो. त्यांना ऐकायचं होतं, काय येत नाही आणि ते गाईडकडून कसं शिकणार."

"पण जागा एकच आहे. मला कशाला सांगताय?"

"माझं झालं, बिडरी," ते कानडीत म्हणाले, "सोडा ते. तुमचं तरी नीट होऊ द्या."

मी धारवाडातल्याच मळमड्डी भागातली, मास्तरांच्या घरातली. 'येत नाही' म्हणायला आमच्यात कुणाची जीभ वळत नाही. आत मात्र सांगून टाकलं, "अळणावरकडच्या गरोदर बायका लोहाच्या गोळ्या घेतो म्हणतात, पण रक्त काही वाढत नाही. त्यांना बोलतं कसं करायचं, मला येत नाही. ते गाईड मॅडमकडून शिकायचंय."

बाहेर आले, तर ते निघून गेले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं.

जागा मला मिळाली. आता अळणावरकडच्या गावांतून परतताना मॅडम रोज विचारतात, "आज काय जमलं नाही?" सांगताना दर वेळी त्या शर्टाच्या घड्या डोळ्यांपुढे येतात. हा प्रश्न रोज ऐकायला त्या गृहस्थांनाही आवडलं असतं.