लूम बंद पडण्याचं कारण

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मग सांगतो. घरी पाहुणा आला की आमची ही चहाबरोबर हाच किस्सा काढते, आणि मी गुपचूप बाहेर जाऊन बसतो. कंटाळलो बुवा आता. त्यापेक्षा आपणच आपल्या तोंडाने सांगून मोकळं झालेलं बरं.

नव्वदीतली गोष्ट. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणायचा एक कारखाना होता, तिथे मी सुपरवायझर. रोज एरंडोलहून एसटीने यायचो, तेही उभ्याने. म्हणजे कामावर हजर व्हायच्या आधीच निम्मा दमलेला!

आधी आमचं झकास चाललं होतं. एखादा लूम बंद पडला की रजिस्टरात वेळ लिहायची. शेवटचा रकाना कारणाचा. तो कोरा. कारण विचारतंय कोण?

मग आमच्या शेठजींनी कम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची खोली, खोलीत एसी, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने मला शिकवलं. लूम किती वेळ बंद ते यंत्रच मोजणार; लूम थांबला की आपण इथे येऊन कारण टाकायचं. दहा कारणांची यादी होती, त्यातला एक नंबर दाबायचा. शेठजींनी वर हुकूम काढला, "कारण टाकल्याशिवाय लूम सुरू करायचा नाही. आणि ज्याचं नाव महिन्यात तीनदा येईल, त्याला लूमवरून काढून गोडाऊनला."

नाव कुठून आलं मध्येच? अहो, तीच तर मेख! धागा तुटला, तर कोणाच्या हातून? नाव. बॉबिन उशिरा आलं, तर कोणी आणलं? नाव. दहापैकी नऊ कारणांपुढे नाव मागायचं ते यंत्र. फक्त एक नंबरचं कारण बिननावाचं होतं. लाईट गेली.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असं नाव लिहिता येतं का? बॉबिनवाला माझ्या बायकोच्या मावशीचा मुलगा. फिटरची बहीण आमच्याच गल्लीत दिलेली. आज नाव लिहायचं, आणि परवा लग्नात त्याच्याच पंगतीला बसायचं?

तिसऱ्याच दिवशी प्रसंग आला. नाना आमचे सगळ्यात जुने कारागीर, धुळ्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. जळगावातच त्यांच्या भाऊबंदांत कोणी वारलं होतं, म्हणून ते तिथे दारावर, म्हणजे दुखवट्याला, जाऊन आले. दोन तास लूम बंद. यादीत कारण होतं 'कामगार जागेवर नाही'. पुढे नाव.

"नाना, काय लिहू हो?" मी रडकुंडीला आलो.

"भाऊ, लिखी टाक, लाईट गयी. लाईट काय कोना भाऊबंद शे?"

मी एक दाबला. यंत्राने निमूट घेतलं. इतकं हलकं वाटलं म्हणता!

मग काय, सवयच लागली. धागा तुटला, एक. बॉबिन आलं नाही, एक. फिटर पान खायला गेला, एक! सगळे माझ्यावर खूश. मला दर तासाला चहा यायला लागला. एवढा मान मला सासुरवाडीतही मिळाला नव्हता.

महिना संपला. शेठजींनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. हातात ही लांबलचक छापील पट्टी.

"पाटील, रोज चार-चार तास लाईट जाते? मला घरी कसं कळलं नाही?"

"आपल्याच बाजूला जाते, शेठजी." तोंडातून निघून गेलं. परत कसं घेणार?

शेठजींनी पट्टीची घडी घातली. मग म्हणाले, "धुळ्यापलीकडे नरडाण्याला नवी एमआयडीसी होतेय. तिकडे जागा बघू. इथे राहून उपयोग नाही."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली हो! कारखाना नरडाण्याला म्हणजे सत्तर माणसांची घरं, पोरांच्या शाळा, सगळं उचकटणार. नानांनी इथे पिंप्राळ्यात नुकत्याच दोन खोल्या बांधलेल्या. आणि हे सगळं कशाने? माझ्या एका बोटाने!

बातमी लूमवर पोचली. चहा बंद झाला.

गुरुवारी शेठजींनी मला जीपमध्ये घातलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, धुळं गेलं. शेठजी खुशीत! "पाटील, तुम्ही इमानदारीने नोंदी ठेवल्या म्हणून कळलं. तुम्हाला तिकडे क्वार्टर देणार."

नरडाण्याला उघडा माळ, वर टळटळीत ऊन. शेठजींनी जागेचा अर्ज काढला, सहीसाठी पेन उघडलं. मला राहवेना.

"शेठजी, लाईट गेली नव्हती."

"मग काय गेलं होतं?"

"नाना गेले होते. दारावर."

पेन तसंच हवेत. मी भडाभडा सगळं ओकलो. शेठजींनी पेनाला टोपण लावलं, आणि परतीच्या वाटेवर पारोळ्याला जीप थांबवली. तिथे चहा घेताना एवढंच म्हणाले, "महिन्याच्या सगळ्या नोंदी दुरुस्त करा. खरं कारण, खऱ्या नावासकट. मग कोणाला काढायचं ते बघतो."

काचेच्या खोलीत नानांना शेजारी घेऊन बसलो. त्यांचं नावही मलाच लिहायचं होतं! एकेक नोंद वाचायचो, नाना आठवून सांगायचे.

"धागा तुटना व्हता. पाच मिनिटमा जोडी टाका."

"पाच मिनिटं? इथे तर चाळीस मिनिटं बंद दाखवतंय!"

नाना घुटमळले. "भाऊ, राग नको मानू. आम्ही तुन्ही वाट दखत व्हतूत."

"माझी? कशासाठी?"

"तू आठे कारण टाकाले येस. चप्पल काढस, चष्मा पुसस, एक नंबर धुंडस. मंग एसीमा तुले झोप लागी जास. कारण टाकाशिवाय लूम चालू कराना नही, असा हुकूम शे ना?"

पुढची नोंद, तेच. त्याच्या पुढची, तेच. बॉबिनची दहा मिनिटं, माझा अर्धा तास! त्याला यादीत वेगळं कारण नव्हतं, म्हणून 'कामगार जागेवर नाही' दाबून पुढे माझंच नाव टाकलं.

नवी पट्टी निघाली. नानांचं नाव सगळं मिळून एकदा. ते वाचून शेठजी म्हणाले, "दारावर तर जावंच लागतं. मला का नाही सांगितलं?" बाकी कोणाचं नाव दोनच्या वर नाही. आणि मग खालपर्यंत, कागद संपेपर्यंत, एकच नाव. पाटील, पाटील, पाटील.

कारखाना जळगावातच राहिला. मलाही काढलं नाही. शेठजींनी फक्त पुण्याच्या इंजिनिअरला बोलावून यादीत एक कारण वाढवून घेतलं. अकरावं. 'सुपरवायझरची वाट पाहणे.'

आणि ते टाकायला रोज काचेच्या खोलीत कोण जायचं? मीच! तोवर लूम बंद.