रुईवर बसवलेली कोंबडी

बार्शीटाकळीच्या खुर्शीदबीच्या घरात त्या वर्षी माणसाला पाय पसरायला जागा नव्हती. समुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती आणि इथे वऱ्हाडात कापूस वेड्यासारखा विकला जात होता. तिचा नवरा अब्दुल रहीम दिवसभर हातरेचा, म्हणजे दोन लाटांचा लाकडी चरक, फिरवून कापसातली सरकी काढी. एका भिंतीला कापूस, दुसरीला सरकी काढलेली रुई. खुर्शीदबी कापसातली वाळक्या पानांची पातेरी निवडून देई. मान वर करी ती फक्त अंगणातल्या कोंबड्याकडे बघायला.

लग्न होऊन दर्यापूरहून येताना बापाने टोपलीत एक जोडी दिली होती. हा तांबडा कोंबडा त्या वंशातला शेवटचा नर. बापही आता राहिला नव्हता.

कोंबडा चोचीने दाणा उचली, टाकी, पुन्हा उचली आणि घशातल्या घशात हाका मारी. कोंबडी धावत येऊन दाणा खाई, हा तोंडही लावत नसे. मग एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती आडवा फेरा धरी. कधी कधी दाणा नसायचाच, नुसती काडी असायची. तरी कोंबड्या यायच्या.

"पाहा, काडी दाखवून बलावून राह्यला," ती म्हणाली. "तुमी मर्द सारे असेच."

"म्या तं दाना दाखवला होता."

"कोनता?"

रहीमने रेच्याकडे बोट दाखवलं. दोघंही हसली. त्या घरातलं बऱ्याच काळापुरतं ते शेवटचं हसणं.

कारण थोड्याच दिवसांनी, ज्याचा कापूस रहीम पिंजरून देई त्या दलालाकडे पाहुणे आले, आणि त्याचा माणूस कोंबडा पाय बांधून घेऊन गेला. रहीमनेच दिला.

"नाई कसा म्हनू? काम त्याचंच हाये."

"मले इचारलं?"

तो रेच्यावर जाऊन बसला. पुढे कितीतरी दिवस घरात फक्त रेचा कुरकुरत होता.

मग करडी कोंबडी खुडूक झाली. पिसं फुलवून बसायची, हात नेला की टोचायची. खुर्शीदबीने तांबड्याच्या वेळची अंडी जपून ठेवली होती. त्यांतून एक नर निघाला तर बापाची निशाणी राहणार होती. तिने टोपलीत राख पसरली, वर गवत घातलं आणि कोंबडी बसवली. खुडूक कोंबडी आपणहून खायलाही उठत नाही. म्हणून ती रोज तिला उचलून बाहेर आणी, ज्वारी टाकी, पाणी दाखवी, राखेत लोळू देई. दाराच्या फटीतल्या उन्हासमोर मुठीत अंडं धरून पाही. आत काहीतरी काळं हलायचं.

एक दिवस ती विहिरीवरून आली तर टोपलीतलं गवत बाहेर पडलेलं. आत पांढरीशुभ्र रुई, तिच्यावर अंडी.

"गवत टोचे तिले," रहीम म्हणाला. "बनी कापसाची रुई हाये, साऱ्यात उंची. इच्यापरीस मऊ काय हाये?"

तिच्या मनात काहीतरी खटकलं. रुईवर कोंबडी बसवलेली तिने कधी पाहिली नव्हती. पण इतक्या दिवसांनी तो आपणहून बोलला होता, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. तिने घागर उतरवली आणि कोंबडी परत टोपलीत ठेवली.

पिल्लं फुटली ती ओली. रुई त्यांच्या पायांना चिकटली, ओढली तसतशी पिळून दोरी झाली, मानांभोवती वळली. कोंबडीच्या नख्यांतही ती गुंतली होती. ती उठली की दोन पिल्लं तिच्यामागे फरपटत. खुर्शीदबीने टोपली दारात उजेडाला ओढली. रहीम धावत आला. जन्मभर कापूस हाताळलेली त्याची बोटं. पण इथे एक तंतू त्यांच्या चिमटीत येईना.

"मले वाटलं..."

"बोलू नका. धरा."

तिने दातांनी तंतू तोडले. एकेक पिल्लू हातात थंड पडत गेलं. एकच उरलं. त्याचा एक पाय निळा झाला होता, पण ते ओरडत होतं.

"कोंबडा हाये का?" रहीमने हळूच विचारलं.

"इतक्यात नाई समजत."

बाहेर दलालाचा गाडीवाला रुईसाठी हाका मारत होता. रहीम उठला नाही. तो टोपलीतली रुई काढत होता, बोटाबोटाने. कोंबडी त्याच्या मनगटावर टोचत होती आणि खुर्शीदबीने तिला आवरलं नाही.