ताईच्या हाताखालचं शेंडेफळ

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत. वयाने मोठी म्हणून, आणि तिची पीएचडी संपता संपत नव्हती म्हणूनही. तिच्यामागून आलेले डॉक्टर होऊन, निरोपाचा केक कापून निघून गेले. ताई मात्र आपल्या मुंग्यांपाशी. प्लॅस्टिकच्या डब्यांत तिने मुंग्यांची घरं वसवली होती. कुठली मुंगी कुणाला खाऊ घालते, हा तिचा विषय.

घरी वहिनी पानात वाढता वाढता विचारायची, "कुठवर आलं गं तुझं?"

"आलंय संपत."

"मागच्या वर्षी पण हेच म्हणालीस," दादा मान वर न करता म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने पदवीच्या मुलांसाठी सुट्टीतल्या संशोधनाच्या नोकऱ्या काढल्या. पगारी. ताईच्या मार्गदर्शक मॅडमनी एक मुलगी निवडली आणि ताईच्या हाताखाली दिली. दुसऱ्या वर्षाची, मोठ्या डोळ्यांची, बडबडी. आठवडाभरात सगळ्यांनी तिचं नाव शेंडेफळ ठेवून टाकलं.

ताईच्या पोटात तेव्हापासूनच दुखायला लागलं. त्या वयात तिला कुणी असं बोलावून घेतलं नव्हतं. प्रयोगशाळेत नुसतं उभं राहायला मिळावं म्हणून तिने सुट्टीभर फुकट काचेची भांडी घासली होती. आणि ही बया पहिल्याच दिवशी मॅडमसमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मॅडम, मुंग्यांना कंटाळा येतो का हो?" मॅडम खळखळून हसल्या. ताईला इतक्या वर्षांत मॅडमना असं हसवता आलं नव्हतं.

मग ताईने तिला सगळ्यात कंटाळवाणं काम दिलं. चिमट्याने मुंगी धरायची आणि पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा. तरुण मुंगीला पिवळा, म्हातारीला पांढरा. डोळे फुटायची वेळ येते. बघू किती टिकते, असं ताईच्या मनात होतं.

शेंडेफळ टिकलं. नुसतं टिकलं नाही, ठिपके देता देता डब्यात टक लावून बघत राहिलं, आणि एक दिवस ओरडत आलं, "ताई, तरुण मुंग्यांना कुणी खायलाच देत नाहीये!"

खरंच होतं. बाहेरून अन्न घेऊन आलेल्या मुंग्या पांढऱ्या ठिपक्याच्या म्हाताऱ्यांना भरवत होत्या आणि पिवळ्या तरुण मुंग्यांना वळसा घालून जात होत्या. आजवरच्या समजुतीच्या अगदी उलटं. मॅडम खुर्ची सोडून उठल्या. "अगं, हे मोठं आहे!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी शेंडेफळाच्या पाठीवर थाप मारली. मग ताईकडे वळून सहज म्हणाल्या, "तुला कसं दिसलं नाही हे?"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी ती डबा न खाताच बसून राहिली. ही पोर सुट्टी संपली की जाईल, नाव कमावून जाईल, आणि आपण? तिला ते निरीक्षण खोटं ठरायला हवं होतं. शास्त्रासाठी वगैरे काही नाही. नुसतं खोटं ठरायला हवं होतं.

आणि जळता जळताच तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिने विचारलं, "रंगांची अदलाबदल करून बघितलीस?"

"नाही," शेंडेफळ म्हणालं.

"मग तुला कसं कळलं, त्या वयाला टाळतायत की रंगाला?"

मॅडम म्हणाल्या, "करा. दोघी मिळून करा."

दोघींनी नवा डबा घेतला. आता म्हाताऱ्यांना पिवळा, तरुणांना पांढरा. आणि मुंग्यांनी म्हाताऱ्यांना वाळीत टाकलं. पिवळ्या रंगाचा वास त्यांना नकोसा होता, बाकी काही नाही. शेंडेफळाचा मोठा शोध रंगाच्या बाटलीत बुडाला.

ताईला वाटलं होतं, आपल्याला उकळ्या फुटतील. क्षणभर फुटल्याही. मग तिने पोरीकडे बघितलं. आता ही रडणार, असं तिला वाटलं. शेंडेफळाचे डोळे भरले खरे, पण नाक पुसत ते म्हणालं, "शी! म्हणजे तुमच्या जुन्या प्रयोगांत पण पिवळा रंग असेल ना, ताई?"

ताई जुन्या वह्या उघडून बसली. होता. वर्षानुवर्षं होता. तिचे आकडे जुळत नव्हते, प्रबंध अडकला होता, तो याच्यापायी.

"आता काय करायचं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"पिवळा काढून परत करूया की! मी आहे ना सुट्टी संपेपर्यंत."

चुकीचं ठरून इतक्या सहज उठून उभं राहणं ताईला कधी जमलं नव्हतं. तिला त्याचाही हेवा वाटला, आणि हा हेवा पहिल्यापेक्षा जास्त झोंबला. पण ती उठली. दोघींनी डबे घासले, नवे रंग आणले, खांद्याला खांदा लावून ठिपके दिले. या वेळी आकडे जुळायला लागले.

शेंडेफळ सुट्टी संपल्यावर गेलं, पण अधूनमधून डोकावत राहिलं. पुढच्या वर्षी ताईची तोंडी परीक्षा झाली, तेव्हा ते मागच्या रांगेत बसलं होतं आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या त्याच्याच होत्या. बाहेर व्हरांड्यात परीक्षक चहा पिता पिता शेंडेफळाभोवतीच जमले. त्याला एका मोठ्या संशोधन संस्थेत जागा मिळाली होती म्हणे. आजच्या दिवशी तरी माझ्याभोवती जमायचं होतं, असं ताईच्या मनात आलंच. आतून चिमटा बसला, नेहमीच्याच जागी.

एक परीक्षक तर म्हणाले, "पुढे आमच्याकडेच ये तू."

तेवढ्यात परीक्षा ऐकायला आलेल्या वहिनीने ताईला कोपराने ढोसलं. "ती चुणचुणीत मुलगी कोण गं?"

"माझी विद्यार्थिनी," ताई म्हणाली. परीक्षकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि त्यातल्या 'माझी'वर जरा जास्तच जोर देऊन.