फॉर्ममध्ये नसलेला बोकड

“मॅडम, तुमची सही झाली की रिपोर्ट वर जाईल,” प्रकल्पाचे प्रमुख सर फोनवर म्हणाले. मी तेव्हा पासली गावाच्या वरच्या अंगाला, धनगरवाड्यात ठकूमावशींच्या अंगणात उभी होते. त्यांचं दोन दिवसांचं करडू उठायला बघत होतं आणि पुन्हा गुडघ्यावर बसत होतं.

मी संख्याशास्त्राची बाई. आधी कारखान्यात नट तपासले, मग सरकारी ऑफिसात फॉर्म, आणि रिटायर झाल्यावर एका जनुक-संशोधनात शेळ्यांचे आकडे. वेल्हे तालुक्यातल्या सहा वाड्यांवरून रक्ताचे नमुने आणले होते. वाड्या एकमेकींपासून लांब, तरी पायांचा दोष सगळीकडे तोच. म्हणजे खोट जातीतच, असं मीच ठरवून टाकलं. शिफारस होती, हे कळप बदला, बाहेरच्या शेळ्या द्या.

“माज्या शेळ्या नेनार व्हय?” मावशींनी विचारलं. मी पिशवीतून भरलेले फॉर्म काढले.

एकच गोष्ट खटकत होती, म्हणून तर आले होते. ‘तुमचा बोकड आहे का?’ या प्रश्नाला प्रत्येक घरानं ‘नाही’ सांगितलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं की बहुधा प्रश्न चुकलेला असतो, हे सरकारी नोकरीत शिकले होते.

“मावशी, बोकड नाही, मग करडं होतात कशी?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “देवाचा हाय की! देवाला सोडलेला. समद्या वाड्यांवर त्योच फिरतो, लई वर्सं झाली.”

“मग फॉर्म भरताना सांगितलं का नाही?”

“तुमी ‘तुमचा’ इचारलं. देवाचा बोकड माजा कसा म्हनू?”

मला लाज वाटली. सहा वाड्या कसल्या, एकच घर! सगळ्या शेळ्या त्या एका बोकडाच्या लेकी, आणि लेकींना पुन्हा त्याचीच करडं. एकाच मशीनचे शंभर नट बघून मी अख्ख्या कारखान्याला नावं ठेवली होती.

“अहो, रिपोर्ट तयार आहे!” मी सही करत नाही म्हटल्यावर सर चिडले.

“चुकीचा तयार आहे, सर.”

हा बोकड पोचत नाही अशा भाटघरकडच्या गावांतून त्याच जातीचे नवे नमुने आणले. त्यांत दोष नव्हता. कळप वाचले. पण देवाचा बोकड कुणाला विकवेना की कापवेना. तोड मावशींनीच काढली. “देवळापाशी बांदून खाऊ घालू अन् दुसरा सोडू. देव काय नगं म्हननार हाय?”

ते करडू काही जगलं नाही. पुढच्या खेपेची अंगणभर नाचत होती.

आता फॉर्ममध्ये आम्ही विचारतो, ‘पिल्लाचा बाप कोण?’ हा प्रश्न मावशींमुळे सुचला, रिपोर्टात त्यांचंही नाव घालू या, असं मी म्हटलं. सर म्हणाले, “फॉरमॅटमध्ये बसत नाही.”